आभासी वास्तवाची क्रीडादालने आणि व्हिडिओ खेळांचे भवितव्य

प्रस्तावना : २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि व्हिडिओ खेळ नांदेड, लातूर येथील विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर आले. अशा वेळी पैसे मोजून दालनात जाऊन खेळण्याचे प्रयोजन काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना : आभासी वास्तवाचा हेडसेट दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखवितो, त्यातून खोलीचा भास निर्माण होतो. मान वळताच चित्रही वळावे लागते. त्यास सुमारे २० मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाल्यास मळमळ संभवते. म्हणून वेगवान संगणक, संवेदक व मोकळी जागा आवश्यक ठरते. हा खर्च अनेक ग्राहकांत विभागणे, हेच दालनाचे अर्थकारण होय.

विवेचन : तथापि हे गणित नाजूक आहे. २०१२ मध्ये मुंबईत पहिले केंद्र उघडणारी 'स्मॅश' ही कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२५ मध्ये 'नझारा'ने ती घेतली. महानगरात ही स्थिती, तर लहान शहरात ग्राहक त्याहूनही मर्यादित. सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर आहे. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमधील आगीत पंचवीसहून अधिक जीव गेले. हेडसेट लावलेल्या खेळाडूस तर बाहेर पडण्याचा मार्गही दिसत नाही.

निष्कर्ष : लातूरला शिकवणीसाठी आलेल्या विद्यार्थ्याचा वेळ व पालकांचा पैसा दोन्ही मोजके असतात. सामायिक वापर हे या तंत्राचे बलस्थान आहे. ते मनोरंजनापुरते न ठेवता महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आणल्यास हृदयाची रचना वा रेणूची मांडणी विद्यार्थ्यांना अनुभवता येईल. आपल्या भागात या तंत्राचे भवितव्य तेथेच अधिक आश्वासक वाटते.