न खरवडलेला थर

चिपचा शोध कोणी लावला, असं विचारलं की दोन नावं पुढे येतात: जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस. पण चिप ज्या पद्धतीने बनते, ती पद्धत तिसऱ्याच माणसाने दिली. ते जाँ हर्नी. त्यांना त्यांचा मान मिळायला हवा.

जिनिव्हात १९२४ साली जन्मलेले हर्नी भौतिकशास्त्रज्ञ होते. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत ते दाखल झाले. शॉकलींच्या संशयी, हेकट कारभाराला कंटाळून १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. नॉइस, गॉर्डन मूर आणि हर्नी त्या आठांपैकीच.

कंपनीचा पहिला माल होता ‘मेसा’ ट्रान्झिस्टर. आयबीएमने असे १०० नग प्रत्येकी १५० डॉलरला घेतले. सिलिकॉनच्या तुकड्याच्या कडा आम्लाने झिजवून मधोमध पठारासारखा उंचवटा ठेवायचा, अशी त्याची घडण. त्याच्या उतारांवर निरनिराळ्या थरांचे सांधे उघडे पडत आणि ट्रान्झिस्टरचं काम तर या सांध्यांवरच चालतं. धातूच्या डबीत एखादा कण सुटा राहिला आणि सांध्याला चिकटला, की ट्रान्झिस्टर निकामी. क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शन यंत्रणेत असा माल कोण बसवणार?

उपाय हाताशीच होता. तापलेल्या सिलिकॉनवर ऑक्साइडचा काचेसारखा थर चढतो. त्यात हव्या त्या जागी खिडक्या कोरल्या, तर बोरॉन किंवा फॉस्फरस फक्त तिथूनच आत शिरतो, हे बेल प्रयोगशाळेत कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक यांनी दाखवलं होतं. मात्र काम झाल्यावर हा थर अशुद्ध झालेला असतो, म्हणून तो काढून टाकायचा, असा शिरस्ता होता. थर राहू द्यावा, असं हर्नींनी डिसेंबर १९५७ मध्येच वहीत टिपून ठेवलं. खिडकीतून शिरलेलं द्रव्य खाली उतरता उतरता आडवंही पसरतं, त्यामुळे सांध्याची कड ऑक्साइडखालीच पृष्ठभागाला येऊन मिळते. तिला हवा कधी लागतच नाही. मार्च १९५९ मध्ये हर्नींनी असा सपाट ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. हीच ‘प्लेनर’ प्रक्रिया.

तिचा दुसरा फायदा नॉइस यांनी हेरला. ऑक्साइड वीज वाहू देत नाही, म्हणजे त्याच्यावरून धातूच्या रेषा नेऊन एकाच तुकड्यावरचे अनेक घटक जोडता येतील. किल्बींनी १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये दाखवलेल्या जर्मेनियमच्या सर्किटमध्ये बारीक तारा हाताने जोडल्या होत्या. त्या मार्गाने हजारो घटक जोडणं अशक्य होतं. १९६० मध्ये जे लास्ट यांच्या गटाने फेअरचाइल्डमध्ये पहिलं प्लेनर सर्किट सिद्ध केलं. पुढे अपोलो यानांच्या संगणकांत फेअरचाइल्डच्याच रचनेच्या चिप्स बसल्या.

या प्रक्रियेने उद्योगाचं अर्थकारण पालटलं. घटक वाढले तरी हातकाम वाढेना, कारण सगळी सर्किटं प्रकाशाच्या साहाय्याने एकदमच छापली जाऊ लागली. एका चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असं मूर १९६५ मध्ये लिहू शकले, त्यामागचा आधार हाच. जर्मेनियम मागे पडलं, कारण त्याचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो, सिलिकॉनचा टिकतो.

हर्नी १९६१ मध्ये फेअरचाइल्डमधून बाहेर पडले आणि १९६७ मध्ये त्यांनी इंटरसिल स्थापन केली. १९९७ मध्ये त्यांचं निधन झालं. किल्बींना २००० साली नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. पण एक नमुना चालवून दाखवणं वेगळं आणि तो लाखोंनी, खात्रीने घडवता येणं वेगळं. आज ट्रान्झिस्टरची घडण बरीच बदलली आहे. तरीही थर चढवा, खिडकी कोरा, द्रव्य शिरवा, वरून धातू जोडा, हा क्रम कारखान्यांच्या मुळाशी आहे. एखाद्या देशाला चिपउद्योग उभारायचा असेल, तर त्याने हर्नींसारख्या प्रक्रियेच्या जाणकारांना आधी मान द्यावा आणि मग यंत्रांची मागणी नोंदवावी.