सुरळी पडते कधी, भुगा होतो कधी

केकवर पेरायच्या चॉकलेटच्या सुरळ्या घरी करायला बसले की पहिली तक्रार हत्याराबद्दल होते. सोलाणे बोथट आहे, किसणीचे दात बारीक आहेत, खास चॉकलेटसाठी मिळणारे काहीतरी आणायला हवे. मग ते येते आणि तेही भुगाच पाडते. दोष बहुतेक वेळा पात्याचा नसतोच. पात्याखाली आलेला स्निग्ध पदार्थ कोणता आणि तो किती गार, यावर निम्म्याहून अधिक काम ठरते. त्यामुळे हत्यारांकडे वळण्याआधी हातातल्या वडीची चौकशी करू.

खऱ्या चॉकलेटला घट्टपणा देते ते कोको बटर. ते गोठताना त्याचे रेणू वेगवेगळ्या प्रकारे रचले जाऊ शकतात. विली आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये असे सहा स्फटिकप्रकार मांडले. चकचकीत, मोडताना कट्कन आवाज करणारे चॉकलेट हे यातल्या पाचव्या प्रकारचे. तो साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरासा खाली. म्हणून चॉकलेट हातात टिकते न टिकते आणि जिभेवर लगेच विरघळते.

सुताराचा रंधा आठवा. लाकूड योग्य असेल तर पात्यातून लांब सुरळी निघते, कोरडे ठणठणीत असेल तर तुकडे उडतात. चॉकलेटचेही तसेच. फ्रिजमधून काढलेली वडी ठिसूळ असते. पाते लागले की थर वाकण्याआधीच तुटतो आणि भुगा पडतो. तीच वडी २४ ते २६ अंशांवर आली की थर वाकतो आणि स्वतःभोवती गुंडाळला जातो. तीस अंशांच्या पुढे कोको बटर भराभर मऊ पडते आणि पात्याला लगदा चिकटतो. आपल्याकडची अडचण इथेच आहे. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात जे सहज जमते, तेच मे महिन्यात दुपारी नागपुरात जमणार नाही. उन्हाळ्यात वडी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, बाहेर काढल्यावर गारवा थोडा उतरेपर्यंत डबा उघडू नये. उघडी वडी बाहेर आली की हवेतले बाष्प तिच्यावर जमते, पृष्ठभागावरची साखर त्यात विरघळते आणि वाळल्यावर पांढुरके डाग उमटतात. पुष्कळजण त्याला बुरशी समजून चॉकलेट फेकून देतात. ती बुरशी नव्हे. थंडीत उलट अडचण: वडीची कड दोन तळव्यांत अर्धा मिनिट धरली तरी पुरते.

आता हत्यारे. बहुतेक घरांना एकच पुरेसे आहे, बटाट्याची साले काढायचे सोलाणे. त्यातही इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचे, आडव्या पात्याचे. पाते धारदार हवे आणि हात संथ, लांब ओढीचा हवा. झटके दिले की सुरळी तुटते. सुरळीची रुंदी वडीच्या जाडीवर अवलंबून असते. नेहमीच्या पातळ बारची कड अर्धा-पाऊण सेंटिमीटरची, तर सुरळीही तेवढीच अरुंद. रुंद हवी असेल तर सोलाणे बदलून उपयोग नाही, बेकरी साहित्याच्या दुकानातला जाड ठोकळा आणावा.

किसणी सुरळीसाठी नाहीच, ती किसासाठी. लांबट पट्टीसारखी अतिबारीक दातांची जी किसणी हल्ली दिसते, ती मुळात लाकूड तासायची कानस होती. अमेरिकेतल्या एका कारखान्याने सुतारांसाठी ती बनवली आणि १९९०च्या दशकात कॅनडातल्या एका गृहिणीने तिच्यावर संत्र्याची साल किसून पाहिली. तिचा कीस हलका, धुरळ्यासारखा पडतो. गरम दुधावर उत्तम, केकवर मात्र लगेच ओलावतो. किसणीवर तुकडा लहान होत जातो तशी बोटे दातांजवळ येतात. शेवटचा तुकडा किसण्याचा हट्ट धरू नये, तो सरळ तोंडात टाकावा. मोठी सुरी आडवी धरून स्वतःकडे ओढत सुरळ्या काढण्याची पद्धत दिसायला छान असली तरी लहान मुले मदतीला असताना नको. त्यांच्या हाती बिस्किटे कापायचा गोल साचा द्यावा. ठोकळ्यावरून त्याची कड ओढली की छोट्या वळ्या निघतात.

पेन्सिलीसारख्या लांब नळ्या हव्या असतील तर कृती सुरळीच्या वड्यांची. वितळलेले चॉकलेट ताटाच्या पालथ्या बाजूवर किंवा संगमरवरी पोळपाटावर पातळ पसरायचे, चमक जाऊन ते मंद दिसू लागले की रुंद पट्टीने तिरपे खरवडायचे. पट्टी स्वयंपाकासाठीची, स्टेनलेस स्टीलचीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली लांबी भरायची पट्टी स्वस्त पडते, पण ती अन्नासाठी बनवलेली नसते आणि गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा किंवा वॉर्निशचा थर असू शकतो.

या पद्धतीत खरे चॉकलेट आधी टेम्पर करावे लागते. डार्क असेल तर ४५ ते ५० अंशांना वितळवून २७-२८ पर्यंत उतरवायचे आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचे. कंपाऊंडला हा खटाटोप नाही. म्हणूनच बाजारच्या केकवर पुष्कळदा दिसतात त्या सुरळ्या कंपाऊंडच्या. त्यात कोको बटरऐवजी बहुधा पामच्या गराचे तेल किंवा हायड्रोजनेशन केलेली वनस्पती चरबी असते. पामच्या गराच्या तेलातली सुमारे ८० टक्के चरबी संपृक्त असते आणि तिच्यातले लॉरिक आम्ल एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवते. कोको बटरही संपृक्तच, पण त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्लाचा, आणि ते एलडीएल फारसे वाढवत नाही. हायड्रोजनेशन अर्धवट असेल तर ट्रान्स फॅटही येते. भारतात तेल-चरबीतली त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे. वाढदिवसाच्या केकवरच्या चमचाभर सुरळ्यांनी कुणाचे हृदय बिघडत नाही. पण ‘चॉकलेटच तर आहे’ म्हणून कंपाऊंडची लादी घरात येते आणि मुलांच्या दुधात, शिऱ्यात, पोळीवर रोज किसली जाते, तेव्हा हिशेब बदलतो. पाकिटाच्या मागे घटकांमध्ये कोको बटर आधी येते की हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट, एवढे पाहिले की कळते.

सुरळ्या झाल्या की बोटांनी उचलू नका. बोटांची ऊब चांगल्या चॉकलेटला पुरते आणि नळी चपटी होते. दातकोरण्याची काडी आत घालून उचलावी आणि केक वाढण्याच्या आधी वर ठेवावी.