तीन नंबरचा पोरगा आणि २६२ नंबरचा पोरगा: माणूस निवडताना आपण नक्की काय मोजतो?



मागच्या व्हिडिओत आपण "पहिला माणूस कामावर कधी ठेवायचा" यावर बोललो. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "सर, कधी ठेवायचा ते कळलं. पण योग्य माणूस ओळखायचा कसा?"

रास्त प्रश्न आहे. आपल्यासारख्या छोट्या धंद्यात एक चुकीचा माणूस म्हणजे सहा महिन्यांचा नफा गेला. म्हणून आज उत्तर शोधायला तुम्हाला थेट अमेरिकेत नेतो. तिथे नव्या पोरांना पारखण्यावर पैसा, वेळ आणि डोकी इतकी लावली जातात की आपण थक्क होऊ. आणि एवढं करूनही ते लोक चुकतात. कुठे चुकतात, हेच आपल्याला शिकायचंय.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन, धडका देत खेळायचा तो खेळ. त्याची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. टीम ३२. नवे खेळाडू येतात ते बहुतेक कॉलेजच्या टीममधून, आणि त्यांची वाटणी दर एप्रिलच्या शेवटी होते. तिला म्हणतात ड्राफ्ट.

आपल्या आयपीएलमध्ये बोली लागते. इथे बोली नाही, नंबर असतो. मागच्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिला नंबर, विजेत्या टीमला शेवटचा. अशा सात फेऱ्या. तुमचा नंबर आला की एक पोरगा उचलायचा. पुढचा नंबर हवा असेल तर दुसऱ्या टीमशी सौदा करायचा आणि बदल्यात आपले नंबर द्यायचे. म्हणजे नंबर हेच इथलं चलन आहे.

आणि सगळ्यात महाग जागा क्वार्टरबॅकची. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. दोन-तीन सेकंदांत समोरचं मैदान वाचायचं आणि चेंडू कुणाकडे द्यायचा ते ठरवायचं, अंगावर शंभर-सव्वाशे किलोचे गडी धावून येत असताना!

एकच टीम, दोन निवडी

२०२१ साली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या टीमला क्वार्टरबॅक हवा होता. त्यांचा नंबर होता १२वा. त्यांनी मायामी डॉल्फिन्सशी सौदा केला आणि तिसरा नंबर घेतला. किंमत? त्या वर्षीचा आपला पहिल्या फेरीचा नंबर, पुढच्या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे नंबर, आणि वर तिसऱ्या फेरीचा एक. आपल्या भाषेत सांगायचं तर पुढच्या दोन वर्षांचं भांडवल एका माणसावर लावलं.

तो माणूस होता ट्रे लान्स. वय जेमतेम २०. उंच, दणकट, पळायला वेगवान, हातात जोर. कॉलेजचा २०१९चा हंगाम तर स्वप्नवत: २८ टचडाउन पास, आणि विरोधकाच्या हातात चेंडू एकदाही नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, त्याचं नॉर्थ डकोटा स्टेट हे कॉलेज दुसऱ्या दर्जाच्या गटात खेळायचं. दोन, कोरोनामुळे २०२०मध्ये तो फक्त एक सामना खेळला. कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने एकूण १७. आकडा झकास होता, पण तो एका हंगामाचा होता, आणि सोप्या पेपरचा होता.

पुढच्याच वर्षी, २०२२च्या ड्राफ्टमध्ये, त्याच टीमने शेवटचा, म्हणजे २६२वा नंबर वापरला. तिथे गंमत म्हणून शेवटच्या खेळाडूला "मिस्टर इर्रेलेव्हंट", म्हणजे "बिनमहत्त्वाचे साहेब" म्हणतात. तो पोरगा होता ब्रॉक पर्डी. उंची बेताची, हातात फार जोर नाही, बघून कुणी वळून पाहावं असं काही नाही. पण आयोवा स्टेट या पहिल्या दर्जाच्या गटातल्या कॉलेजसाठी तो चार वर्षं सतत खेळला होता. जिंकला होता, हरला होता, चुकला होता, पुन्हा उभा राहिला होता. त्या वर्षी त्याच्या आधी ८ क्वार्टरबॅक उचलले गेले.

पुढे काय झालं? सप्टेंबर २०२२मध्ये लान्सचा घोटा मोडला. डिसेंबरमध्ये दुसरा क्वार्टरबॅकही जखमी झाला, आणि पर्डीला मैदानात उतरावं लागलं. तो उतरला आणि टीम जिंकतच गेली. फेब्रुवारी २०२४मध्ये टीम सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि जादा वेळेत हरली. लान्सला त्याआधीच, ऑगस्ट २०२३मध्ये, चौथ्या फेरीच्या एका नंबराच्या बदल्यात डॅलसच्या टीमला देऊन टाकलं होतं. आणि पर्डीला २०२५मध्ये पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार मिळाला.

थांबा. "बघा, छोट्याला कमी लेखू नका" एवढंच घेऊन उठू नका. लान्सच्या दुखापतीत नशिबाचाही भाग होता. पर्डीला आयती चांगली टीम आणि चांगला कोच मिळाला, हेही खरं. आणि मुख्य म्हणजे पर्डी हिरा आहे हे फोर्टीनाइनर्सना आधी कळलं असतं, तर ते २६२व्या नंबरापर्यंत थांबले असते का? त्याच ड्राफ्टमध्ये आपल्या आधीच्या प्रत्येक नंबराला त्यांनी दुसराच पोरगा उचलला होता.

हे लोक पारखतात कसं?

चार गाळण्या असतात.

१. सामन्याचं चित्रण. टीमचे स्काउट, म्हणजे पोरं हेरणारी माणसं, वर्षभर कॉलेजं फिरतात, सामन्यांचे व्हिडिओ मागे-पुढे करून बघतात. एका स्काउटने अहवाल दिला की दुसरा तोच पोरगा स्वतंत्रपणे बघतो. एकाच्या मतावर काम चालत नाही.

२. मोजमाप. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिस शहरात "कम्बाइन" भरतं. तीनशेहून जास्त पोरं येतात. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धावणं, उंच उडी, लांब उडी, १०२ किलोचं वजन किती वेळा उचलता ते. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब.

३. डॉक्टर. जुन्या दुखापती, सांधे, मणके. टीव्हीवर हे दिसत नाही, पण टीमसाठी कम्बाइनमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं कामांपैकी एक असतं.

४. मुलाखत आणि चौकशी. पोराशी थेट बोलतात. शिवाय कॉलेजच्या कोचला विचारतात, शिक्षकांना विचारतात, अगदी खेळाचं सामान सांभाळणाऱ्या माणसालाही विचारतात. कारण साहेबासमोर सगळेच चांगले वागतात. सामानवाल्याशी कसा वागतो, त्यात माणूस दिसतो.

आता गडबड कुठे होते बघा. यातली दुसरी गाळणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चमकदार. घड्याळाचा आकडा लगेच मिळतो, दोघांची तुलना लगेच होते, टीव्हीवर दाखवता येतो. आणि जे सहज मोजता येतं, तेच महत्त्वाचं आहे असं आपल्याला वाटायला लागतं.

टॉम ब्रॅडी: रील्समध्ये न सांगितलेला भाग

टॉम ब्रॅडीची गोष्ट तुम्ही मोटिव्हेशनल रील्समध्ये ऐकली असेल. २०००च्या ड्राफ्टमध्ये १९९वा नंबर, आधी ६ क्वार्टरबॅक गेले, आणि पुढे त्याने ७ सुपर बोल जिंकले. कम्बाइनमध्ये तो ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला होता. या खेळात हे म्हणजे बैलगाडी.

पण ४० यार्ड सरळ धावणं हे क्वार्टरबॅकचं रोजचं काम आहे का? नाही. त्याचं काम दबावात निर्णय घेण्याचं. आणि त्याचा पुरावा सगळ्यांसमोर होता. ड्राफ्टच्या चार महिनेच आधी, जानेवारी २०००मध्ये ऑरेंज बोलच्या सामन्यात ब्रॅडीची मिशिगन टीम अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांनी मागे पडली होती. दोन्ही वेळा त्याने टीमला वर काढलं आणि जादा वेळेत सामना ३५–३४ असा जिंकला. ३६९ यार्डांचे पास, ४ टचडाउन. हे चित्रण सगळ्या टीमकडे होतं. तरी घड्याळ आणि सडपातळ शरीर जास्त बोललं.

आता रील्स सांगत नाहीत तो भाग. ज्या पेट्रियट्स टीमने त्याला घेतलं, त्यांनीही त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी दुसरे सहा जण उचलले होते. आणि सहाव्या-सातव्या फेरीत उचललेली बहुतेक पोरं दोन-तीन वर्षांत खेळाबाहेर जातात. त्यांच्यावर रील बनत नाही. म्हणून "शेवटचा नंबर म्हणजे छुपा हिरा" हा धडा नाहीच.

मग धडा काय?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज टीमने कोच जिमी जॉन्सन यांच्या काळात एक तक्ता वापरायला घेतला. कोणत्या नंबराला किती गुण, म्हणजे सौदा करताना हिशेब सोपा. पहिल्या नंबराला ३००० गुण, ३२व्याला ५९०. म्हणजे पहिला एक पोरगा बरोबर पाच चांगली पोरं. हळूहळू बाकीच्या टीमही त्याच भावाने सौदे करू लागल्या.

पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी हा भाव तपासला. थेलर यांना २०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते हेच. त्यांनी पाहिलं की एकाच जागेसाठी आधी निवडलेला पोरगा नंतर निवडलेल्या पुढच्या पोरापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त होती. पारख अगदीच खोटी नव्हती. खोटा होता तो स्वतःच्या पारखेवरचा भरवसा. "हाच तो माणूस" या खात्रीसाठी टीम फार जास्त पैसे मोजत होत्या.

त्यांचा सल्ला साधा: एका नंबरावर सगळं लावू नका. नंबर विकून जास्त नंबर घ्या. जास्त संधी घ्या.

आता आपल्या दुकानात, आपल्या युनिटमध्ये

माझीच गोष्ट सांगतो. माझं मसाल्याचं छोटं युनिट होतं तेव्हा एक सेल्समन ठेवला. बोलणं फर्डं, इंग्रजी चांगलं, आधीच्या ठिकाणी महिन्याला किती माल टाकला त्याचे आकडे तोंडपाठ. इतर पोरांना १४ हजार देत होतो, याला २८ हजार कबूल केले. चार महिन्यांत त्याने खरंच भरपूर माल टाकला. आणि तो गेला तेव्हा बाजारात माझी १ लाख ४० हजारांची उधारी अडकलेली होती. त्याच्या जुन्या आकड्यांत विक्री होती. वसुली किती, हे मी विचारलंच नव्हतं. चूक त्याची नव्हती. मी ४० यार्डांचं घड्याळ बघून क्वार्टरबॅक घेतला होता.

म्हणून माणूस घेताना हे चार प्रश्न कागदावर लिहून घ्या:

१. या कामाचा "सामना" कोणता? काउंटरवर गर्दी सांभाळणं, की वसुली, की वेळेवर डिलिव्हरी? एकाच ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल तर अजून माणूस घेऊ नका.

२. तो सामना तो आधी कुठे खेळलाय? आणि किती दिवस? मोठ्या ब्रँडच्या दुकानात गिऱ्हाईक आपोआप येतं. तिथली विक्री आणि आपल्या नव्या दुकानातली विक्री एक नव्हे. खेळलेलाच नसेल, तर दोन-तीन दिवसांचे पैसे देऊन प्रत्यक्ष काम करून बघा.

३. सामानवाल्याला विचारलं का? आधीच्या मालकाला तर विचाराच. पण सोबत काम केलेल्या पोरालाही विचारा. आणि मुलाखतीला दुसरं कुणी बसवा, त्यांचं मत वेगळं लिहून घ्या, तुमचं सांगण्याआधी.

४. चुकलो तर किती जाईल? २८ हजारांचा एक घेण्याऐवजी १४ हजारांची दोन माणसं तीन महिन्यांसाठी घेता येतील का? दोघांनाही आधीच स्पष्ट सांगा: तीन महिन्यांनी बसून ठरवू. फसवून नाही, सांगून.

आणि पाचवी गोष्ट, जी प्रश्नात मावत नाही: पर्डीला तयार टीम मिळाली होती. आलेल्या माणसाला पहिला आठवडा तुम्ही काय शिकवणार, हे ठरलेलं नसेल तर चांगला माणूसही वाया जातो, आणि आपण म्हणतो, "आजकाल माणसंच मिळत नाहीत."

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही शेवटचा माणूस कामावर ठेवला (किंवा भागीदार घेतला) तेव्हा त्याच्यातली कोणती गोष्ट बघून हो म्हणालात, ती एका ओळीत लिहा. मग शेजारी लिहा, त्या कामासाठी ती गोष्ट खरंच लागत होती का. दोन्ही ओळी कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली पाच उत्तरं घेऊन आपण तीन महिन्यांच्या ट्रायलचा करार कसा लिहायचा ते बघू.

भेटूया. धंदा करा, डोळे उघडे ठेवून करा!