बलोपासनेच्या इतिहासातील जुनी वजने : एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

शक्तीच्या पराक्रमांच्या कथा बहुतेक सर्व समाजांत आढळतात. पराक्रम करणारा मल्ल आणि तो पाहणारे प्रेक्षक काळाच्या ओघात नाहीसे होतात. मागे उरते ते उचललेले वजन. नाणी व ताम्रपट यांना इतिहासाची साधने म्हणून जी मान्यता लाभली, ती या वजनांना क्वचितच लाभली आहे. अशा वजनांवरून पराक्रमाची सत्यता कितपत पडताळता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन ग्रीसमधील पाषाण

ऑलिम्पिया येथे सापडलेला इ. स. पू. ६ व्या शतकातील वालुकाश्म सुमारे १४३.५ किलो वजनाचा आहे. बिबॉन याने तो एका हाताने डोक्यावरून फेकला, अशा आशयाचा लेख त्यावर कोरलेला आहे. थेरा बेटावरील सुमारे ४८० किलोच्या ज्वालामुखीय पाषाणावरील लेखात युमास्तास याने तो भूमीवरून उचलला, एवढाच दावा आहे. हा दुसरा पाषाण तिपटीहून अधिक जड असला, तरी त्यावरील दावा अधिक मर्यादित आहे. म्हणजेच 'किती वजन' या प्रश्नाबरोबर 'कशा रीतीने उचलले' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

पकडीचे महत्त्व

युरोपातील व्यावसायिक मल्लांच्या काळात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. इंग्लंडमधील थॉमस इंच यांचे प्रसिद्ध डंबेल सुमारे ७८ किलोचे होते. हा आकडा असाधारण वाटत नाही. परंतु त्याची मूठ सुमारे ६० मिलिमीटर जाडीची असल्याने बोटांची पकड पूर्ण बसत नसे. त्यामुळे अनेक बलवानांना ते जमिनीवरून हलवताही आले नाही. इंच यांच्याजवळ तशीच दिसणारी, पण हलकी डंबेलेही होती. म्हणून नेमके कोणते डंबेल उचलले गेले, याची निश्चिती आवश्यक ठरते.

फ्रान्समधील 'अपोलॉन' या नावाने ख्यात असलेल्या लुई युनी यांची रेल्वेची चाके सुमारे १६६ किलो वजनाची, तर आस सुमारे ४९ मिलिमीटर जाडीचा होता. १९३० मध्ये शार्ल रिगुलो, १९४९ मध्ये जॉन डेव्हिस व १९५४ मध्ये नॉर्बर्ट शेमान्स्की यांनी ती डोक्यावर उचलली. मूळ वस्तू शिल्लक राहिल्यामुळेच पुढील पिढ्यांना या पराक्रमाची प्रत्यक्ष परीक्षा घेता आली.

स्कॉटलंडमध्ये पोटार्क येथील लोखंडी कड्या असलेले दोन दगड मिळून सुमारे ३३२.५ किलोचे आहेत. डोनाल्ड डिनी यांनी १८६० च्या सुमारास ते पुलाच्या रुंदीइतके अंतर वाहून नेले, अशी आख्यायिका आहे. दीर्घकाळ विस्मृतीत गेलेल्या या दगडांकडे विसाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा लक्ष वेधले गेले. आज ते उचलण्यासाठी अनेक देशांतून बलोपासक तेथे येतात.

बडोद्यातील पाषाण

मराठी वाचकास जवळचे उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळातील हे संस्थान व्यायामविद्येचे मोठे केंद्र होते; दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' तेथूनच प्रसिद्ध झाला. गामा पहिलवान यांनी १९०२ मध्ये उचलल्याचे सांगितले जाणारा पाषाण बडोदा संग्रहालयात आहे. त्याचे वजन १,२०० किलो असल्याचे सांगितले जाते. २०१६ मध्ये एडी हॉल यांनी ५०० किलोचा लोखंडी दांडा जमिनीवरून मांडीपर्यंत उचलला, तेव्हा तो जागतिक विक्रम मानला गेला. या तुलनेत 'उचलणे' या शब्दाचा येथील अर्थ तपासावाच लागतो. पाषाण पूर्णपणे अधांतरी झाला की त्याची एक कड उचलली गेली, यावर मूल्यमापन अवलंबून आहे. यात गामांच्या कीर्तीला उणेपणा येत नाही. त्यांचे श्रेष्ठत्व कुस्तीच्या आखाड्यात सिद्ध झालेले आहे.

समारोप

वस्तू, तिचे मोजमाप आणि उचलण्याची रीत ही तीनही अंगे एकत्र उपलब्ध असतील, तरच जुने वजन विश्वसनीय पुरावा ठरते. बिबॉनच्या पाषाणावर रीत कोरलेली आहे. बडोद्याचा पाषाण जपलेला आहे, पण त्याची रीत अस्पष्ट आहे. जुन्या तालमींतील दगडी नाल, गोट्या व करेला यांबाबत तर अनेकदा यांपैकी काहीच नोंदलेले नसते. तालमीचा जीर्णोद्धार होताना असा दगड पायाच्या भरावात गेला, तर त्याच्याशी निगडित स्मृतीही लोपते. महाविद्यालयांतील इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी परिसरातील अशा वजनांचे वजन, मापे, छायाचित्रे आणि वृद्ध वस्तादांच्या आठवणी एकत्रितपणे नोंदविल्यास हे साधन अभ्यासकांना उपलब्ध होईल. त्यासाठी तराजू, मोजपट्टी व नोंदवही एवढी सामग्री पुरेशी आहे.