लेम्बोंगान: शेवाळ शेतीचं बेट आणि तिथल्या जमिनीचे नियम

बालीच्या सानूर किनाऱ्यावरून स्पीडबोटीनं साधारण अर्ध्या तासात नुसा लेम्बोंगान येतं. १९८०च्या दशकापासून इथली कित्येक घरं समुद्री शेवाळावर चालली. ओहोटी लागली की बायामाणसं पाण्यात उतरून दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात. दीडेक महिन्यात कापणी, मग ताडपत्रीवर वाळवण. त्यातून निघणारं कॅरागीनन आइस्क्रीम, टूथपेस्टमध्ये वापरतात. पर्यटन वाढलं तशी ही शेती मागे पडली. २०२०मध्ये कोविडनं हॉटेलं ओस पडली आणि माणसं पुन्हा दोऱ्या बांधायला लागली. या बेटाबद्दल मला सर्वांत जास्त कौतुक याचंच आहे!

आता, इथे जागा घ्यायचा विचार असेल तर, जमिनीबद्दल. इंडोनेशियाच्या १९६०च्या भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हक मिलिक’, इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करता येतो किंवा योग्य परवाना असेल तर ‘हक पाकाई’ हा वापराचा हक्क मिळतो. ‘स्थानिकाच्या नावावर घ्या, मालक तुम्हीच’ असं कुणी सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. याच कायद्याच्या कलम २६ नुसार असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत.

भाडेपट्ट्याआधी भूमी कार्यालयात प्रमाणपत्र तपासून घ्या, रस्ता कुणाच्या जागेतून जातो ते पाहा. आणि पाण्याचं आधी विचारा, कारण बेट चुनखडीचं आहे, गोडं पाणी कमी.