चार बाजू मोजल्या, पण कर्ण राहिला!

आपल्यापैकी अनेक कष्टकरी बांधव पोटाला चिमटा घेऊन घरासाठी जागा घेतात. दलाल टेप लावतो, चार बाजू मोजतो, आकडा सांगतो. आपण तो मुकाट्याने मान्य करतो. आम्हीही करणार होतो.

कार्यालयातील एका सहकाऱ्यासोबत आम्ही जागा पाहण्यास गेलो होतो. बाजू क्रमाने 39, 42, 27 व 36 फूट भरल्या. दलालाने समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली. 39 व 27 ची 33, 42 व 36 ची 39. गुणाकार 1287 चौरस फूट. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून; गुणाकार तपासला, बरोबर निघाला. इतक्यात सहकाऱ्याची नववीतली मुलगी म्हणाली, "काका, कर्ण मोजलाच नाही!" कर्ण म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले तिरके अंतर.

पोरीचे खरे होते. चार काड्या टोकांशी दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि कोपरा दाबा. काड्या तेवढ्याच राहतात, पण चौकोन कलतो व आतली जागा घटते. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. म्हणून तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ ठरते. नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे ठरत नाही.

कर्ण 45 फूट भरला. जागेचे दोन त्रिकोण झाले. पहिला 39, 42, 45 चा. मुलीने हेरॉनचे सूत्र लावले. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे 63. त्यातून एकेक बाजू वजा केली. 24, 21, 18 उरले. 63 सह या चारही संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले, 756. दुसरा त्रिकोण 27, 36, 45 चा, म्हणजे काटकोनी. 27 गुणिले 36 चे निम्मे 486. एकूण 1242 चौरस फूट. दलालाचा आकडा 45 ने जास्त! हजार रुपये फुटाचा भाव असेल तर पंचेचाळीस हजार रुपये. त्याच चार बाजू असून कर्ण 30 फूट असता, तर जागा सुमारे 958 चौरस फूटच भरली असती.

सरासरीची रीत फक्त आयताला खरी ठरते. इतर चौकोनांत ती नेहमी जास्तच दाखवते. नुकसान नेहमी घेणाऱ्याचे. सहकाऱ्याने 1242 चाच हिशेब धरला.

मध्ये झोपडी किंवा विहीर आल्याने कर्ण मोजता येत नसेल, तर त्रिकोणमिती कामी येते. दोन बाजूंचा गुणाकार, त्याला त्यांमधील कोनाच्या साइनने गुणायचे आणि निम्मे करायचे. त्रिकोणाचे क्षेत्रफळ मिळते. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तर निम्मे करायचे नाही. 30 बाय 40 ची जागा काटकोनी असेल तर 1200 चौरस फूट. पण कोपरा 60 अंशांचा असेल तर साइन 0.866, आणि जागा 1039 च. काटकोन पाहायचा असेल तर 30 बाय 40 ला कर्ण 50 भरला पाहिजे.

पाच बाजू असतील तर तीन त्रिकोण, सहा असतील तर चार. बाजूंतून दोन वजा करा, तेवढे त्रिकोण.

बंधुभगिनींनो, पैसे देण्यापूर्वी सरकारी मोजणीचा नकाशा पाहाच. आणि मुलामुलींनी भूमिती केवळ पेपरापुरती घोकू नये. पुढच्या वेळी टेपचे एक टोक त्यांच्या हाती द्या.