केंटकी लेकवरचा उन्हाळी बास

अमेरिकेत टेनेसी नदीवर १९४४ साली केंटकी धरण पूर्ण झालं आणि सुमारे २९६ किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. जुनं नदीपात्र मात्र पाण्याखाली तसंच आहे. उन्हाळ्यात बास हा मासा शोधायचा तो तिथेच. वसंतात उथळ पाण्यात अंडी घालून झाली, की लार्जमाउथ बास या बुडालेल्या काठांवर, साधारण चार ते आठ मीटर खोलीवर, झुंडीने जमतो.

पुढचं सगळं गणित प्रवाहाचं. धरणाची टर्बाइनं सुरू झाली की पाणी सरकू लागतं, शॅड नावाचे छोटे मासे त्यासोबत वाहत येतात आणि बास प्रवाहाकडे तोंड करून दबा धरतो. म्हणून आमिष वरच्या अंगाला टाकून त्याच्याकडे वाहत येऊ द्यावं. खोल बुडी मारणारं क्रँकबेट हे कृत्रिम आमिष तळाला खरडत यायलाच हवं. दगडाला किंवा शिंपल्याला अडखळून ते तिरकं उसळतं, आणि नेमकी तेव्हाच झडप पडते. हातातल्या काठीला बसणारा तो हिसका विसरता येत नाही.

मासा सोडून द्यायचा असेल तर घाई करा. कोमट पाण्यात झुंजून दमलेला बास लवकर दगावतो.